पाच पावलं आत

बसा ताई. ती खुर्ची नको, तिचा पाय हालतोय, ही घ्या. मोबाईल ऱ्हाऊ दे कट्ट्यावर, चालूच ठेवा. दौलतमामाच्या गौरव-अंकाला आठवणी गोळा करताय न्हवं? मामांनी कप किती जिंकले, पोरं कुठली कुठली घडवली, ते तुमास्नी कोल्हापुरात धा जण सांगतील. मी हारलेली म्याच सांगतो. ती अशी सांगतो की तुमी आजवर ऐकली नसंल. चहा टाकलाय आत, तवर सुरू करतो.

बारा साल झाली. मामा परत आले त्या दिवशी मी गोलपोस्टाच्या जाळीला गाठी मारत हुतो. मागनं गाडीचा आवाज आला. फट फट करत, मधीच दम टाकत. वळायच्या आधी मला कळलं. ती एम-एटी दुसऱ्या कुणाची असणार? चौदा वर्सं त्या गाडीनं आमच्या ग्राउंडवर चाक टेकवलं नव्हतं.

मामा उतरले. केस पांढरे झाल्याले. अंगात उद्यमनगरातल्या कारखान्याचा निळा शर्ट, शिफ्ट करून थेट आल्याले. ग्राउंडकडं बघत म्हणाले, "जाळीला गाठी कसल्या मारतोयस? मासं धरायचं हायत काय?"

मी म्हटलं, "मामा, जुनी झाली. नवी मागतोय तीन वर्सं."

"आपन बी जुनंच. आपल्याला कुटं कोन गाठी मारतंय." असं म्हणून पायातली चप्पल काढली आणि आत गेले. ग्राउंडात चप्पल घालून पाय टाकायचा न्हाई, ही त्येंची सवय.

आता मामा गेले का हुते, ते आधी सांगतो. त्याबिगर पुढचं कळायचं न्हाई.

मी कॉलेजचा ग्राउंडमन, मामा टीमचे कोच. शाळा सातवीपतोर. ग्राउंडावर त्या पांढऱ्या रेघा असतात का न्हाई, ती फक्की मारायचं काम माझं. दोरी ताणायची, डबा हालवत चालायचं. फुटबॉलच्या कायद्यात ग्राउंडची रुंदी एकच अशी न्हाई. ह्याच्यापेक्षा कमी नको, त्याच्यापेक्षा जास्त नको, एवढंच. मधलं माप ज्याचं ग्राउंड त्यानं ठरवायचं. समोरची टीम पळणारी असली, कडंनं वाऱ्यागत जाणारी पोरं असली, की मामा रेघ पाच पावलं आत घ्यायचे. ह्या बाजूनं पाच, त्या बाजूनं पाच. ग्राउंड बारीक झालं की पळणाऱ्याला पळायला जागा न्हाई. कायद्यात बसायचं. पण बोलून दाखवायची गोष्ट नव्हती ती.

म्हणून मामा बोलायचे न्हाईत. म्याचच्या आदल्या दिवशी कडुनिंबाच्या काड्या आणायचे आणि जिथं रेघ पायजे तिथं जमिनीत खोचून जायचे. मी पहाटे यायचो, काड्यांवरनं फक्की मारायचो, काड्या उपसून खिशात टाकायचो. म्याचच्या आधी त्या मामांच्या हातात द्यायच्या. काम झालं म्हणायचं. एक सबूद न्हाई. पाच-सा वर्सात आमी दोघं त्यावर कधी बोललो न्हाई, बगा.

झोनलच्या फायनलला समोरच्यानं टेप लावली. मापात बसलं. कप आमचाच ऱ्हायला. पण गावात झालं, दौलत सरनोबत फक्कीनं जिंकतो. दुसऱ्या दिवशी मामांच्या दारात, डांबरी रस्त्यावर, कुणीतरी हातभर अक्षरात फक्कीनंच लिहिलं, 'फक्कीवाला'. मामांची पोरगी, वंदना, सातवीला हुती. ती शाळंला निघाली आणि तिनं ते वाचलं. घरात जाऊन खराटा आणला आणि दप्तर पाठीवर तसंच ठिवून रस्ता झाडत बसली. मामा गॅलरीतनं बघत हुते. त्या दिवसापासनं ते ग्राउंडवर आले न्हाईत.

चौदा वर्सांनी कॉलेजनं बोलावलं, कारण गरज पडली. मिरजकर मॅडम नव्या प्राचार्य, त्येंनीच फोन केल्याला.

तवर सगळं बदललं हुतं ताई. पूर्वी झोनल म्हंजे गावातली आठ कॉलेजं. पेठंतली पोरं, एकमेकांची नावं ठाऊक, एकमेकांच्या आया ठाऊक. आता तीन जिल्ह्यांची लीग झाल्याली. हायवेच्या कडंची मोठमोठी कॉलेजं आली. त्यास्नी होस्टेल, हिरवं गालिच्यागत ग्राउंड, गोव्याची पोरं, मणिपूरची पोरं. पाय चोळायला येगळा मानूस. एका टीमनं तर वरनं शूटिंग घ्यायला ते भिरभिरं आणल्यालं. आणि नियम असा, जो सगळ्यात खाली तो लीगमधनं बाहेर. आमी चार म्याची खेळून चारी हारल्यालो. बाहेर गेलो की फुटबॉल बंद आणि ग्राउंडवर बीबीएची इमारत, असं मॅडमनी मीटिंगमधी सांगितल्यालं.

मामांना मी विचारलं, "का आलात मग? हितं आता जिंकून कुणाला दावायचंय?"

मामा म्हणाले, "वंदनाला पोरगा हाय. सा वर्साचा. खेळतोय बरा. त्यानं परवा विचारलं, आजोबा, तुमास्नी फक्कीवाला का म्हंत्यात?"

"मग?"

"मग काय. एक म्याच तरी अशी खेळायची हाय, की त्याला सांगता यावं."

एवढंच म्हणाले. मी समजलो, मामांना जिंकायचं हाय. मी एवढंच समजलो.

पोरं पैल्यांदा मामांना हसली. वही-पेन घिऊन येणारा कोच त्येंनी बघितलाच नव्हता. कॅप्टन हुता इर्शाद मुल्ला, बेस्तवार पेठेतला, त्वांडानं तिखट. त्यानं विचारलं, "मामा, फॉर्मेशन काय खेळायचं?"

मामा म्हणाले, "तू आधी बुटाची नाडी बांध. ती सुटली तर फॉर्मेशन तोंडावर पडंल."

आणि एक हुता सुयश दळवी, गडहिंग्लजचा. डाव्या कडंनं खेळायचा. अंगानं काडी, पण पायात वारं. मामांनी त्याला बघितलं आणि मला म्हणाले, "आकाराम, ह्या पोराला पळायला जागा मिळाली तर होस्टेलवाल्यांचं दूध आटंल."

हे त्येंनी मला सांगितल्यालं, ताई. कानांनी ऐकलं मी. पण कानात गेलं आणि तिथंच ऱ्हायलं.

त्यानंतर मला विद्यापीठात ड्युटी लागली, पेपर तपासणीच्या सेंटरला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचला, बांधा, परत उचला. सकाळी सातला जायचं, सांजला यायचं. सा आठवडे. मामांची प्रॅक्टिस मला बघायलाच मिळाली न्हाई. ह्या काळात दोन म्याची झाल्या, दोन्ही बाहेरच्या ग्राउंडवर. एक जिंकलो, एक बरोबरीत सुटली. मी कुणाकुणाला विचारायचो, ते म्हणायचे, "मामानं पोरं पळवल्यात बाबा."

ऱ्हायली शेवटची म्याच. आपल्या ग्राउंडवर, रविवारी साडेतीनला. समोर ते हायवेवालं मोठं कॉलेज. बरोबरी झाली तरी आमी लीगमधी ऱ्हानार हुतो.

शनवारी दुपारी माझी ड्युटी संपली. डबा तसाच घिऊन मी ग्राउंडवर आलो. ग्राउंडवर कोण नव्हतं. पोरांना आराम दिल्याला, मामा शिफ्टला. आणि मला काड्या दिसल्या.

कडुनिंबाच्या काड्या. ह्या झेंड्यापासनं त्या झेंड्यापतोर, दोन्ही बाजूला, वळीनं खोचल्याल्या. मी पावलं टाकून बघितली. एक, दोन, तीन, चार, पाच. बरोब्बर पाच.

काय सांगू ताई, माझ्या अंगावर काटा आला. चौदा वर्सं झाली, माणसाचे केस पांढरे झाले, सगळी लीग बदलली, पण मामा मला इसरले न्हाईत. अजून माझ्यावर भरवसा हाय. बोलायची गरज न्हाई.

दुसऱ्या दिवशी पहाटे आलो. जुनी रेघ खराट्यानं झाडली, वर पाणी मारलं. दोरी ताणली. अशी रेघ मारली, अशी मारली, की देवाच्या दारातली रांगोळी असावी. झेंडं आत घेतलं. काड्या उपसल्या, जुडी बांधली, शर्टच्या खिशात टाकली. धा वाजता रेफरी आले, टेप लावली, कागदावर लिहिलं, "ठीक आहे" म्हणाले. कायद्यात बसत हुतंच.

मामा पोरांना घिऊन तीन वाजता आले. पोरं ड्रेस बदलायला गेली. मामांनी चप्पल काढली आणि ग्राउंडात पाय टाकला. चार पावलं चालले आणि थांबले. खाली रेघंकडं बघितलं. मग झेंड्याकडं. मग पलीकडच्या रेघंकडं.

मी हासत हासत गेलो. खिशातनं जुडी काढली आणि म्हटलं, "घ्या मामा."

मामांनी काड्या घेतल्या. बघत ऱ्हायले. त्येंचं त्वांड मला अजून दिसतंय. राग नव्हता. एखाद्याच्या घरी लांबनं पावणा यावा आणि दाराला कुलूप बघावं, तसं झाल्यालं.

"रेफरीनं बघितलं?"

"बघितलं की. सही केली."

मामांनी जुडी मुठीत धरली. मग म्हणाले, "जेवलास का?"

"व्हय."

"बरं. पाण्याच्या बाटल्या भरून ठेव."

म्याच सुरू झाली. पैल्या मिनिटाला इर्शादनं लांब बॉल टाकला सुयशला. सुयश डाव्या कडंनं सुटला, बॉल पायात घेतला आणि लाईन्समननं झेंडा वर केला. बॉल बाहेर. सुयशनं खाली बघितलं. त्याचा पाय रेघंच्या दोन हात पलीकडं हुता.

पुन्यांदा तेच. पुन्यांदा तेच. उजव्या कडंलाही तेच. आमची पोरं बॉल टाकायची तो बाहेर, पळायची ती बाहेर. जशी काय त्यास्नी रेघ दिसतच न्हाई. पैल्या अर्ध्या तासात मी चौदा वेळा झेंडा वर गेल्याला मोजला. आणि हायवेवाली पोरं मधीच उभी ऱ्हायल्याली, आडदांड, खांद्याला खांदा लावून. त्यास्नी पळायची गरजच नव्हती. ग्राउंड आपसूक त्येंच्या मापाचं झाल्यालं.

त्येंचा कोच, काळा गॉगल घाटल्याला, मामांकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "काका, अजून पाच पावलं घ्यायची होती आत. पोरांना घरी जायला सोपं पडलं असतं."

प्रेक्षकातला एकजण वराडला, "फक्कीवाला आला रे परत." मागनं दोन-चार जण हसले.

मी मामांकडं बघितलं न्हाई. त्येंच्या बाजूच्या बाकावर वंदना बसल्याली, मांडीवर ते पोरगं. तिच्याकडं तर मला बघवंचना.

हाफटाइमला एक गोल खाऊन आमी बाहेर आलो. मी बाटल्या घिऊन गेलो. सुयश माझ्याच हातातनं बाटली घेत म्हणाला, "आकारामभाऊ, ग्राउंड कुनी बारीक केलं ओ?"

मी म्हटलं, "का रे?"

"का काय? सा आठवडे मामांनी आमास्नी एकच शिकवलंय. रेघ आणि काड्या ह्येंच्या मधल्या पट्ट्यात पळायचं. काड्यांच्या आत पाय टाकला की ग्राउंडाला दोन चक्कर. ह्येंचे बॅक मधी गोळा होत्यात, आपन कडंला ऱ्हायचं, असं मामांनी त्येंच्या तीन म्याची बघून काडलं. झोपेत बी मला तो पट्टा दिसतोय. आणि आज बघतोय तर पट्टाच न्हाई."

माझ्या हातातली दुसरी बाटली कधी पडली, मला कळलं न्हाई. पाणी बुटावर सांडलं.

इर्शाद म्हणाला, "रेफरीला सांगा की मामा. रेघ परत बाहेर मारा म्हनावं."

मामा म्हणाले, "सही झालीय त्यावर. आता हाय ते ग्राउंड आपलं. सुयश, तू आत ये. इर्शाद, लांब टाकू नको, पायात दे. आणि खाली बघून पळा रे जरा. देवानं डोळं दिल्यात."

"पण मामा, केलं कुनी?"

"आकाराम," मामा म्हणाले, "त्या बाटल्या उचल. चिखल हुतोय."

पोरं जीव तोडून खेळली. सुयशनं मधनं घुसून एक फेडला बी. पंधरा मिनिटं आमी लीगमधी हुतो. मग कॉर्नरवरनं त्येंच्या आडदांडानं डोक्यानं घातला. दोन-एक. शिटी वाजली. मामा बाकावरनं उठले, पैल्यांदा त्या गॉगलवाल्याचा हात हातात घेतला, मग एकेका पोराच्या पाठीवर थाप. सगळा येळ त्येंच्या डाव्या मुठीत ती काड्यांची जुडी हुती.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. त्या कॉलेजच्या मॅनेजरचं पत्र आल्यालं. तक्रार म्हणून न्हाई, नुसते टोमणे. तुमच्या कोचची जुनी कला बघून आनंद झाला, असलं काय काय. मामा मॅडमच्या समोर उभे. मी चहाचा ट्रे घिऊन दारात.

ताई, एक सांगायचं ऱ्हायलं. मी तवा टेंपररी हुतो. वीस वर्सं टेंपररी. आणि माझा कायमचा कागद त्याच टेबलावर, मॅडमच्या सहीला पडल्याला. मामांना ते ठाऊक हुतं.

मॅडम म्हणाल्या, "कोच, हरण्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण कॉलेजची ही नाचक्की मला चालणार नाही. रेषा आत कुणी घेतल्या? आकारामनं स्वतःच्या मनानं केलं असेल तर आज त्याला घरी पाठवते."

मला बोलायचं हुतं. शप्पत सांगतो, सबूद जिभेवर हुता. घरात तीन पोरं, म्हातारी. सबूद तिथंच ऱ्हायला.

मामा म्हणाले, "मीच सांगितलं त्याला."

"तुम्ही? सहा आठवडे मुलांना एक शिकवलंत आणि ग्राउंड उलटं करायला लावलंत?"

"म्हाताऱ्या माणसाला शेवटच्या येळंला भ्या वाटलं, मॅडम. जुन्या सवयीवर गेलो. चुकलं."

"आणि आकाराम?"

मामांनी माझ्याकडं बघितलं पण न्हाई. "त्याला काय कळतंय? दावंल तिथं फक्की मारतोय बिचारा."

मॅडमनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला मी ठेवू शकत नाही."

"व्हय," मामा म्हणाले. "ते बरुबर हाय."

मी त्येंच्या मागनं पळत गेलो. मामा एम-एटीला किक मारत हुते, ती सुरू हुईना. मी म्हटलं, "मामा, हे काय केलंसा? आयुष्यभर तुमी ज्याच्यापासनं पळालासा..."

"तुझी ऑर्डर कधी निघनार हाय?"

"एक तारखंला म्हंत्यात."

"मग एक तारखंपतोर त्वांड बंद ठेव."

"आणि त्याच्या पुढं?"

मामांनी अजून एक किक मारली. गाडी फटफटली. "पुढचं तुझं तू बघ," म्हणाले आणि गेले.

एक तारखंला ऑर्डर निघाली. मी पेढे वाटले. मामांच्या घरी गेलो न्हाई. त्या महिन्याला जाईन म्हटलं, मग दिवाळीला जाईन म्हटलं. पोरीचं लग्न झालं, मुलगा नोकरीला लागला, मी रिटायर झालो. गावात तेच ऱ्हायलं, दौलत सरनोबतनं म्हातारपणी बी फक्की मारली आणि त्यातच हारला. इमारत झाली. तुमी बीबीएच्या न्हवं ताई? तुमच्या जिन्याखाली डावा झेंडा हुता.

परवा वंदना बाजारात भेटली. मामांना आता डोळ्यांनी नीट दिसत न्हाई म्हणाली. तिच्या पोरानं फुटबॉल सोडला म्हणाली. कशावरनं सोडला ते मी विचारलं न्हाई.

आला बघा चहा. घ्या, गार नका करू.

तर एक करा ताई माझ्यासाठी. बाकीचं जे काय लिवायचं ते लिवा, पण ह्या म्याचचं पान येगळं काडा. त्यात लिवा, काड्या सरावाच्या हुत्या, रेघ आकाराम कुंभारानं सोताच्या मनानं आत घेतली, दौलत सरनोबतनं न्हाई. नाव पुरं लिवा माझं. आणि ते पान मामांना वाचून दावायला तुमी जाल, तवा त्या नातवाला बी बसवा आणि मला घिऊन चला. मी दारात थांबलो तर मला आत ढकला.